बिनफौजेच्या मुलखाचे हुद्दे

पहिल्या दिवशी काझी साहेबांनी मला माझे नाव विचारलेच नाही. मी नेमणुकीचा आदेश त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, एक ओळ वाचली आणि म्हणाले, "नाईक. म्हणजे फौजेत दोन फिती. घरात कोण होतं फौजेत?"

मी म्हणाले, कुणीच नाही. वडील शाळेत शिपाई होते.

"शिपाई तर फौजेचाच शब्द. शाळेत आला अन् पाण्याचे माठ भरायला लागला." ते हसले नाहीत, खरोखरच विचार करत होते. "आमचंही तसंच. चार पिढ्यांत एक काझी झाला नाय, पण दारावर पाटी काझीची. हुद्दा निघून जातो बाई, आडनाव मागं राहतं."

न्यायालयाच्या अनुवाद विभागात ते ज्येष्ठ अनुवादक होते आणि मी नवी. मराठी, उर्दू, फारसी आणि इंग्रजी या चार भाषांत ते घरात फिरल्यासारखे फिरत. अंगाने किरकोळ. बाराही महिने अंगात खादीचा बिनबाह्यांचा कोट, त्याच्या खिशात दोन पेन्सिली. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला अजून भीती वाटते, की एखादा शब्द चुकेल आणि ते पेन्सिलीने त्याखाली बारीक रेघ ओढतील.

तशी पहिली रेघ त्यांनी माझ्या तिसऱ्याच आठवड्यात ओढली होती. बिडकीनकडच्या एका कुटुंबाचा जमिनीचा वाद होता. निझामाच्या काळातला जमीन दिल्याचा उर्दू हुकूम मराठीत आणायचा होता आणि त्याखाली सही होती 'अव्वल तालुकदार' यांची. मी सरळ 'मुख्य तालुका अधिकारी' असे लिहून कागद पुढे पाठवला. दुपारी काझी साहेब तो कागद हातात घेऊन माझ्यापाशी आले.

"बाई, हे अव्वल तालुकदार कोण?"

"तालुक्याचे मोठे साहेब?"

"जिल्ह्याचे. आजचे कलेक्टर. तुम्ही त्यांना तालुक्यात उतरवलं." ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. "असली जमीन द्यायचा अधिकार तालुक्याच्या साहेबाला नव्हता, जिल्ह्याच्या होता. तुमच्या एका शब्दानं हा हुकूम बेकायदा झाला असता. आजा-पणज्यापासून त्या रानात राबणारी माणसं उद्या बांधावर उभी राहिली असती. नाव चुकलं तर माणूस रागावतो. हुद्दा चुकला तर कागद मरतो."

ते रागावून बोलले असते तर मी विसरले असते. ते इतक्या हळू बोलले की मी त्या रात्री जेवले नाही. कागद त्यांनी स्वतः परत आणला होता, माझ्याकडून दुरुस्त करून घेतला आणि कुणाला एका शब्दाने सांगितले नाही.

त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर होते. पानावर उभे रकाने आखलेले. पहिल्यात इंग्रजी हुद्दा, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात निझामी उर्दू. मोहतमिम, नाझिम, अमीन, सरिश्तेदार असे शेकडो. पुढे रकाने वाढत गेले, तुर्की आले, नेपाळी आले. लोक टपाल तिकिटे जमवतात तसे ते हुद्दे जमवत, फक्त नुसते जमवून त्यांचे समाधान होत नसे. त्या हुद्द्याच्या माणसाला कोण नेमतो, वर्दी असते की नाही, चूक झाली तर तो कुणाला जबाब देतो, हे सगळे कळल्याशिवाय ते पुढचा शब्द भरत नसत. म्हणत, "शब्दाची बदली करायची तर नव्या गावात त्याला तेच काम मिळालं पाहिजे. नायतर नुसतं सामान पोचतं, माणूस पोचत नाय."

निवृत्तीनंतर ते गारखेड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत राहू लागले. पत्नी आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. मी महिन्या-दोन महिन्यांनी अडलेले कागद घेऊन जाई. एकदा गेले तर टेबलावर झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली सहा-सात पाने होती. इंग्रजी हुद्दे आणि समोर आइसलँडच्या भाषेतले शब्द.

"हा मुलूख कुठं हाय माहीत हाय का? पार वर, बर्फाकडं," ते म्हणाले. "आन ऐका, ह्या मुलखात फौजच नाय. बिलकुल नाय. तरी सगळे हुद्दे हायेत. कप्तान हाय, कर्नल हाय, जर्नेल हाय."

"फौज नाही तर शब्द कशाला?"

"दुसऱ्यांच्या लढायांच्या गोष्टी वाचायच्या तर लागतातच की. आपल्या घरात नाय म्हणून पाहुण्याला बसायला जागा द्यायची नाय का?" त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले. "हे बघा. लिध्थ्याउल्वी. सार्जंट. अर्धा शब्द म्हणजे तुकडी, अर्धा म्हणजे तालीम देणारा. तुकडीचा उस्ताद. सार्जंट म्हणजे काय हे इतक्या साफ मला इंग्रजीनंसुद्धा कधी सांगितलं नव्हतं."

दुकानातल्या कॉम्प्युटरवर उच्चार ऐकून ते शब्द त्यांनी देवनागरीत लिहून घेतले होते. बहात्तराव्या वर्षी, ज्या देशात कधी जाणार नाही त्या देशाच्या नसलेल्या फौजेचे हुद्दे ते पाठ करत होते. मला तेव्हा ते थोडे वेडे वाटले, हे कबूल करते.

पानाच्या तळाशी मुलकी हुद्दे होते. त्यात एका शब्दासमोर त्यांनी पेन्सिलीने 'पोलीस पाटील' लिहून प्रश्नचिन्ह टाकले होते. तो शब्द होता 'ह्रेप्स्त्योरी'.

साधारण वर्षभराने आमच्या कार्यालयात एक बाई आली. वय चाळिशीच्या आत, रंग आपल्यासारखा सावळा, चेहरा कुठल्याही एसटीत शेजारी बसलेला सापडेल असा. पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. इंग्रजीत तिने सांगितले, तिचे नाव सिग्रून. तान्ही असताना इथल्या एका अनाथाश्रमातून आइसलँडच्या जोडप्याने तिला दत्तक नेले. कागदावर शहराचे जुने नाव, स्टेशनवर नवे, त्यामुळे ती आधी त्यातच गोंधळली होती. अनाथाश्रम केव्हाच बंद पडला होता. न्यायालयातली दत्तकाची फाइल मुदत संपल्याने नियमाप्रमाणे नष्ट झाली होती. तिच्याजवळ उरली होती ती त्या आदेशाची आइसलँडच्या भाषेतली प्रत, तिकडच्या सरकारी अनुवादिकेने त्या वेळी केलेली. मूळ इंग्रजी हरवले होते.

इथल्या कचेऱ्यांसाठी तिने त्या प्रतीचा तिकडच्या एका एजन्सीकडून पुन्हा इंग्रजी अनुवाद करून आणला होता. त्यात वाक्य होते, 'गंगापूर तालुक्यात हे मूल मिळाले आणि तेथील महापौरांनी ते आश्रमात आणून दिले.' त्या महापौरांच्या शोधात ती बारा दिवस हिंडत होती. महानगरपालिकेत गेली, गंगापूरला नगरपरिषदेत गेली. सगळ्यांनी चहा पाजला आणि अशी काही नोंद नाही म्हणून सांगितले. परतीच्या विमानाला पाच दिवस उरले होते.

"मला कुणी टाकून दिलं, एवढं तरी कळावं," ती म्हणाली. "टाकलं याचा राग नाही. कुठं, ते पाहायचंय."

मी रिक्षा केली आणि तिला गारखेड्याला नेले.

काझी साहेबांनी तिलाही आधी हुद्दाच विचारला. ती म्हणाली, मासेमारीच्या मोठ्या जहाजावर अधिकारी आहे, स्टीरिमाधुर.

"सुकाणूचा माणूस," काझी साहेब पुटपुटले आणि तिच्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी एजन्सीचा इंग्रजी कागद बाजूला सारला आणि मूळ प्रत मागितली. ती भाषा त्यांना वाचता येत नव्हती, येत होते ते फक्त हुद्दे. पेन्सिलीचे टोक ओळीवरून सरकवत ते शोधत गेले, एखादा माणूस गर्दीत ओळखीचा चेहरा शोधतो तसे. दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"हा महापौर नाय." त्यांनी इंग्रजीत तिला विचारले, "तुमच्या गावाकडं हा ह्रेप्स्त्योरी कोण असायचा?"

सिग्रून म्हणाली, "माझ्या आजोबांचा शेजारीच होता. मेंढ्या पाळायचा. गावात कुणी वारलं की येऊन घरातल्या वस्तूंची यादी करायचा, भांडण झालं तर मध्ये पडायचा. वर्दी नव्हती, साधा लोकरीचा स्वेटर. आता तो हुद्दा बंद झाला."

"त्याला नेमायचं कोण?"

"सीस्लुमाधुर. जिल्ह्याचा अधिकारी. पण हे आमच्याकडचं झालं. मला वाटलं, इथं तसं कुणी कसं असेल? अनुवादिकेने एखाद्या साहेबासाठी जवळचा म्हणून आमचा शब्द वापरला असेल."

काझी साहेबांनी रजिस्टर उघडले, त्यात ठेवलेले ते छापील पान काढले, तळाचा तो शब्द शोधला आणि पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसले.

"नाईक बाई," ते मला मराठीत म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "मूळ इंग्रजी कागदावर 'पोलीस पाटील' असणार. तिकडं हा शब्द कुणाच्या बापाला माहीत? दुसरा कुणी असता तर 'पोलीस' लिहून मोकळा झाला असता. ह्या बाईनं लिहिलं नाय. तिनं कुठंतरी विचारलं, शोधलं की हा माणूस वर्दीतला नाय, गावचाच शेतकरी हाय, वरून नेमलेला हाय, गावासाठी जबाब देतो. आन मग आपल्या मुलखातला बरोबर तोच माणूस उचलून इथं ठेवला. कोण असंल ही बाई?"

कागदाच्या शेवटी सही होती. सिग्रूनने वाचून दाखवली, राग्नहिल्दुर. काझी साहेबांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे सकाळच्या एसटीने गंगापूरला गेलो. काझी साहेबांचे गणित साधे होते. महापौर शोधायचा तर शहर बघावे लागते, पोलीस पाटील शोधायचा तर तालुक्यातली खेडी. तान्हे मूल शहरात घेऊन जाणारा पोलीस पाटील त्याच्या जोडीचे लोक विसरणार नाहीत. तहसीलजवळच्या हॉटेलात जुने, निवृत्त पोलीस पाटील सकाळी चहाला बसत, हे त्यांना माहीत होते. त्यांनी प्रत्येकाला रामराम केला, बाकावर बसले आणि विचारले. चौथ्या म्हाताऱ्याने कप खाली ठेवला.

"किसनरावानं नेली व्हती. लई वर्सं झाली. किसनराव गेले, मालकीण हाय अजून."

किसनरावांच्या गावापर्यंत जीप होती. दोन्हीकडे उभा ऊस. किसनरावांच्या घराच्या ओट्यावर कौसाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. काझी साहेबांनी कोण, कुठून, कशासाठी ते सावकाश सांगितले. कौसाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या सिग्रूनकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "लई रडायची ही. आता बोलती का?"

मग त्यांनी सांगितले. त्या साली बीडकडची ऊसतोडीची टोळी गावात उतरली होती. एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत, ही जन्मली आणि आई पहाटेपर्यंत गेली. बाप आधीच्या पावसाळ्यात वारलेला. टोळीला पुढच्या गावी जायचे होते. मुकादम मूल घेऊन पोलीस पाटलाच्या दारात आला.

"टाकली नव्हती?" सिग्रूनने इंग्रजीत विचारले. काझी साहेबांनी ते मराठीत केले.

"टाकतंय कोण? आईनं मरताना छातीशी धरलीवती. सोडवून आणली." कौसाबाई म्हणाल्या. "तेरा दिवस माझ्यापाशी व्हती. माझा गणेश तवा चार म्हयन्याचा. एका अंगाला तो, एका अंगाला ही. मी म्हणलं, ठिवून घिऊ. हे म्हणले, मी पोलीस पाटील हाय, ठाण्यात खबर दिलीय. मीच कायदा मोडला तर गावानं कुणाकडं बगायचं? माझ्याच लुगड्यात गुंडाळून एसटीनं नेली. माघारी आले आन दोन दिस जेवले नाय."

"तिच्या आईचं नाव?" मी विचारले.

"चंद्रभागा. टोळीत चंद्री म्हणायचे."

काझी साहेब एकेक वाक्य सिग्रूनला इंग्रजीत सांगत होते. तीस वर्षे मी त्यांना अनुवाद करताना पाहिले होते, ते कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी अडखळले. कौसाबाईंनी सिग्रूनच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "अंगावर पाजलीय मी हिला." काझी साहेबांनी अर्धे वाक्य म्हणून सोडले. चष्मा काढला. पुन्हा सुरुवात केली. शेवटी त्यांनी तिला सांगितले, "ह्यांनी तुम्हाला आपलं दूध दिलं. आमच्या धर्मात अशा बाईला वेगळा दर्जा आहे, रजाई माँ. जन्म दिला नाही तरी ती आईच. तिचा मुलगा तुमचा सख्खा भाऊ. हा दर्जा कुणालाही काढून घेता येत नाही."

सिग्रून ओट्यावर कौसाबाईंच्या पायाशी बसली. जहाजावरच्या दोरांनी घट्टे पडलेले तिचे हात त्यांनी आपल्या हातात घेतले. ती एकच शब्द म्हणाली, "फोस्त्रा." मग आम्हाला सांगितले, की त्यांच्याकडेही असा फार जुना शब्द आहे. दुसरीच्या लेकराला आपले म्हणून वाढवणारीसाठी.

काझी साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, पण लिहिले काही नाही. ती तशीच हातात धरून ते उसाकडे तोंड करून उभे राहिले.

गणेश शेतातून आला. त्याने पाहुणीसाठी नारळ फोडला आणि कौसाबाईंनी तिची ओटी भरली. सिग्रूनला ओटी म्हणजे काय ते कळत नव्हते. तिने आपल्या जाकिटाचे टोक पुढे केले आणि त्यात तांदूळ, खोबरे, हळकुंड घेऊन ती तशीच जीपपर्यंत चालत आली. गारखेड्याच्या कोपऱ्यावर उतरताना काझी साहेब तिला म्हणाले, "माझं एक काम करा. त्या राग्नहिल्दुर हयात असतील तर त्यांना शोधा."

दोन महिन्यांनी तिचा निरोप आला. राग्नहिल्दुर हयात होत्या. वय ब्याण्णव, वृद्धाश्रमात, कान जरा कमी. सिग्रून त्यांच्याजवळ बसून व्हिडिओ कॉल लावणार होती. तिकडची सकाळ, आपली दुपार. मी माझा फोन घेऊन काझी साहेबांकडे गेले. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा कोट घातला होता. आदल्या आठवड्यातच डॉक्टरांनी त्यांना हृदयाचे काही फार बरे नाही असे सांगितले होते, पण त्या दिवशी ते त्याबद्दल बोलायला तयार नव्हते.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई आली. खिडकीबाहेर बर्फ होता. काझी साहेबांनी हात कपाळापर्यंत नेऊन आदाब केला. मग त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला तुमचा कागद आठवतो. त्यात एक शब्द होता. पाटील."

"जी," काझी साहेब म्हणाले.

"पुस्तकात सापडला नाही. बंदरात भारतीय खलाशांचं जहाज यायचं. मी तीन आठवडे वाट पाहिली. एका खलाशाने सांगितलं, पाटील म्हणजे पोलीस नव्हे. गावचा शेतकरी, पण गावात काही झालं तर उत्तर त्याने द्यायचं. मग मी लिहिला तो शब्द." सिग्रूनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वरिष्ठ म्हणाले, परक्या माणसाला आपला हुद्दा का देतेस? मी बदलला नाही. पण त्यानंतर इतकी वर्षं मला वाटत राहिलं, की मी चुकले असेन. बरोबर होता का तो?"

काझी साहेबांचे ओठ हलले. इंग्रजी त्यांना माझ्याहून कितीतरी चांगले येत होते, पण उत्तर त्यांनी मराठीतच दिले, प्रत्येक अक्षर सावकाश उच्चारत, समोरच्या बाईला त्यातले काही कळणार नाही हे ठाऊक असून.

"बरोबर होता, बाई. अगदी बरोबर होता."

त्या ब्याण्णव वर्षांच्या बाईने सिग्रूनकडे वळून विचारले नाही, की ते काय म्हणाले. तिने डोळे मिटले आणि मान डोलावली.